गोल्फचा स्विंग: नवशिक्याने आधी काय पक्कं करावं?

पहाटवारा:
नमस्कार मंडळी,

गोल्फ शिकायला लागून बऱ्यापैकी काळ झाला आणि या खेळाने मला पुरतं वेड लावलंय. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, नियमाने जातो, अधूनमधून कोर्सवरही खेळायला मिळतं. पण स्विंगमध्ये, म्हणजे क्लब (मारायची काठी) फिरवण्यात, सातत्य म्हणून नाही. सात नंबरच्या आयर्नने (मध्यम अंतराच्या क्लबने) एखादा चेंडू असा सुटतो की हाताला काही लागल्याचंही जाणवत नाही, आणि पुढच्याच वेळी क्लब चेंडूच्या आधी जमिनीत घुसतो. ड्रायव्हरचं, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबचं, तर विचारूच नका. चेंडू निघतो थोडा डावीकडे आणि मग उजवीकडे वळतच जातो.

व्हिडिओ पाहून गोंधळ वाढलाय. एक म्हणतो डोकं हलवू नका, दुसरा म्हणतो कंबर आधी सोडा, तिसरा मनगटाच्या मागे लागलेला. चेंडूसमोर उभा राहिलो की या सगळ्या सूचना एकदमच आठवतात.

स्विंग सुधारायचा तर पाया म्हणून नेमकं काय धरायचं आणि कोणत्या क्रमाने? मी उजव्या हाताने खेळतो. जाणकारांनी सविस्तर लिहावं, बाकीच्यांनी अनुभव सांगावेत.

चकोर:
वाचतोय. ड्रायव्हरबद्दल जे लिहिलंय त्याखाली माझीही सही समजा.

रानजाई:
पहाटवारा, क्रम विचारलात हे फार बरं केलंत, कारण घोडं तिथेच अडतं. माझ्या मते क्रम असा: ग्रिप (क्लब धरायची पकड), क्लबफेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) रोख, शरीराचा रोख, उभं राहायची पद्धत, चेंडूची जागा. हे सगळं क्लब मागे जायच्या आधीचं आहे. चेंडू जागचा हललेला नसतो, घाई कुणालाच नसते, आणि तरी बहुतेक नवशिक्यांचा स्विंग तिथेच बिघडलेला असतो. पुढे हातापायांची जी ओढाताण दिसते ती त्या बिघाडावर शरीराने शोधलेला उपाय असतो. उपायावर उपाय करत बसलात तर कुठेच पोचणार नाही.

ग्रिपबद्दल सविस्तर लिहिते. डावा हात आधी. क्लबची मूठ तळव्यातून आडवी जाऊ द्यायची नाही, ती बोटांत हवी. करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरकी. करंगळीखालचा तळव्याचा मांसल उंचवटा मुठीच्या वर बसला पाहिजे. आता वरून बघा: डाव्या हाताची दोन, फार तर अडीच बोटांची हाडं दिसायला हवीत आणि अंगठा-तर्जनीमधली फट उजव्या खांद्याकडे रोखलेली हवी. एकच हाड दिसत असेल तर चेंडूला लागताना फेस उघडा (उजवीकडे वळलेला) राहायची शक्यता दाट. उजवा हातही बोटांनीच धरायचा, आणि त्याच्या तळव्यातल्या खोबणीत डावा अंगठा झाकला गेला पाहिजे.

एक गोष्ट हमखास चुकते. माणूस आधी मूठ धरतो, मग 'अरे हो, दोन हाडं' म्हणून मनगट फिरवतो. त्यात क्लबही फिरतो आणि ग्रिप होती तशीच राहते, बिघडतो तो फेस. म्हणून आधी क्लबफेस लक्ष्याकडे सरळ रोखून टेकवा, मग त्याभोवती हात बसवा.

सदूभाऊ:
रानजाईंशी सहमत. पण मला वेगळाच संशय येतोय. पहाटवारा, क्रिकेट खेळायचात का? आणि किती वर्षं?

पहाटवारा:
सदूभाऊ, अचूक ओळखलंत. शाळेपासून. फलंदाजीच करायचो.

सदूभाऊ:
वाटलंच. बॅट धरणारा हात क्लब धरायला येतो तेव्हा जुन्या सवयी सोबत घेऊन येतो. दोन-तीन सांगतो.

बॅटचा पुढचा भाग सपाट आणि रुंद, आणि तो दांड्याच्या सरळ रेषेत. क्लबचं डोकं दांड्याच्या एका बाजूला लोंबतं. त्यामुळे क्लब खाली येताना फेस बंद होण्यासाठी हात आणि बाहू फिरावे लागतात. सरळ बॅटने ड्राइव्ह मारणारा फलंदाज बॅटचा चेहरा शेवटपर्यंत गोलंदाजाकडे धरून ठेवतो, कोपर उंच. तेच गोल्फमध्ये केलं की फेस उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे जातो.

दुसरं, क्रिकेटमध्ये चेंडू तुमच्याकडे येतो, तुम्ही पुढे पाऊल टाकून त्याला भेटता. इथे चेंडू जागीच आहे. त्याला भेटायला खांदे पुढे झेपावले की क्लब बाहेरून आत, म्हणजे पलीकडून तुमच्याकडे, येतो. नेमका तुमचा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा चेंडू.

पण क्रिकेटवाल्यांकडे एक देणगीही असते. वजन पुढच्या पायावर न्यायला त्यांना शिकवावं लागत नाही. ती सवय सोडू नका.

टकमक:
सदूभाऊ, म्हणजे माझ्या स्लाइसला माझा जुना कव्हर ड्राइव्ह जबाबदार! घरच्यांना आजच सांगतो, इतकी वर्षं ते मलाच बोल लावत होते. 😄

गणिती:
सदूभाऊंच्या स्लाइसच्या विवेचनात एक भर. 'क्लब बाहेरून आत येतो म्हणून स्लाइस होतो' हे अर्धंच खरं आहे. नुसतं बाहेरून आत आलं आणि फेसही त्याच दिशेने असला तर चेंडू सरळ डावीकडे जातो, वळत नाही. वळतो तेव्हा फेस क्लबच्या मार्गाच्या तुलनेत उघडा असतो. वळण ठरवतो तो या दोहोंमधला फरक.

पूर्वी पुस्तकांतून असं शिकवलं जायचं की चेंडू निघतो क्लबच्या मार्गाने आणि नंतर वळतो फेसच्या दिशेने. ट्रॅकमॅनसारखी डॉप्लर रडारवर चालणारी यंत्रं आल्यावर प्रत्यक्ष मोजमापातून दिसलं की चेंडू सुरुवातीला ज्या दिशेने निघतो ती बहुतांशी फेस ठरवतो. ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के, आयर्नला ७५ टक्क्यांच्या आसपास. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात जेमतेम ०.०००५ सेकंद. तेवढ्या वेळात मनगटाने काही सावरून घेऊ ही आशा सोडून द्या. जे व्हायचं ते आधीच ठरलेलं असतं.

पहाटवारा यांचा चेंडू थोडा डावीकडे निघतो आणि उजवीकडे वळतो. याचा अर्थ फेस लक्ष्याच्या किंचित डावीकडे आहे, आणि क्लबचा मार्ग त्याहूनही बराच डावीकडे. म्हणजे फेस तसा फार वाईट नाही, मार्ग वाईट आहे. आणि मार्ग वाईट असण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे खांदेच डावीकडे रोखलेले असणं.

इथे एक दुष्टचक्र सुरू होतं. चेंडू उजवीकडे जातो म्हणून माणूस आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो. मार्ग आणखी डावीकडे जातो. फेस मात्र मनातल्या मनात लक्ष्याकडेच असतो. दोहोंतलं अंतर वाढतं, वळण वाढतं. मग आणखी डावीकडे.

सदूभाऊ:
गणिती, हे मला पटायला थोडा वेळ लागेल. आमच्या कोचने वर्षानुवर्षं मार्गच आधी दुरुस्त करायला शिकवलं, आणि लोक सुधारलेही.

गणिती:
सदूभाऊ, सुधारणारच. मार्ग फेसच्या जवळ आणला की वळण कमी होतंच. कोचचा उपाय योग्यच होता. मी म्हणतोय ते एवढंच की चेंडूचं पहिलं काही अंतराचं उड्डाण पाहून फेस कळतो आणि नंतरचं वळण पाहून मार्ग कळतो. नवशिक्यांनी हे वाचायला शिकलं तर प्रत्येक चेंडू त्यांना काहीतरी सांगून जातो, चुकलेला सुद्धा.

रानजाई:
गणिती, सुरेख मांडलंत. शेवटचं वाक्य मी माझ्या वहीत लिहून घेतलंय.

मुक्तछंद:
मंडळी, मी थोडा विरोधी सूर लावतो. नवशिक्याला बोटांची हाडं मोजायला लावून आपण त्याचा खेळ मारतो. अमेरिकन व्यावसायिक जिम फ्युरिककडे बघा. क्लब जवळजवळ उभा वर जातो, मग भलताच वळसा घेऊन खाली येतो. ग्रिपसुद्धा त्याची स्वतःचीच, उजव्या हाताची दोन बोटं डाव्यावर. २००३ ची यूएस ओपन जिंकला, आणि २०१६ मध्ये पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत अवघ्या ५८ फटक्यांत एक फेरी संपवून विक्रम केला. कुठली पायाभूत तत्त्वं? भरपूर चेंडू मारा, शरीर आपली वाट आपण शोधतं.

निळावंती:
मुक्तछंद, फ्युरिकचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं असं मला वाटतं. त्याचा वळसा हवेत आहे, चेंडूपासून लांब. चेंडूपाशी तो येतो तेव्हा डावं मनगट सपाट, वजन डाव्या पायावर, हात चेंडूच्या पुढे, कंबर लक्ष्याकडे उघडलेली. कुठल्याही चांगल्या खेळाडूचं त्या क्षणाचं छायाचित्र त्याच्या छायाचित्राशेजारी ठेवा, फारसा फरक दिसणार नाही. आणि तो लहानपणापासून वडिलांकडेच शिकला, एकाच डोळ्याखाली. त्याची पद्धत विचित्र दिसते, पण ती रोज तशीच आहे. आपली रोज बदलते.

ग्रिपच्या प्रकारांबाबत मात्र तुमचं म्हणणं मान्य. तिथे हट्ट नको. उजवी करंगळी डाव्या बोटांवर ठेवायची पद्धत हॅरी वार्डनमुळे रुळली. त्याने ब्रिटिश ओपन ६ वेळा जिंकली, १८९६ ते १९१४ या काळात. करंगळी आणि तर्जनी एकमेकांत अडकवायची पद्धत जॅक निकलस आणि टायगर वुड्स यांची, आणि दोघांची मिळून ३३ मेजर (सर्वांत मोठ्या चार स्पर्धांची) अजिंक्यपदं आहेत. दहाही बोटं मुठीवर ठेवून खेळणारेही आहेत. लहान हातांना, सांधेदुखी असलेल्यांना ती सोयीची पडते. हात कसे जोडायचे यात निवड आहे. मूठ बोटांत हवी आणि फेस ओळखीचा राहायला हवा, यात नाही.

मुक्तछंद:
निळावंती, चेंडूपाशी सगळे सारखे, हा मुद्दा मान्य. पण मग नवशिक्याला तिथे काय व्हायला हवं ते आधी सांगा. मागे क्लब कुठवर न्यायचा यावर वेळ का घालवायचा?

निळावंती:
याच्याशी पूर्ण सहमत. म्हणूनच मी कुणालाही शिकवताना पूर्ण स्विंग आधी देत नाही. कंबरेच्या उंचीपासून कंबरेच्या उंचीपर्यंत, बस. मागे क्लब जमिनीला समांतर, पुढे क्लब जमिनीला समांतर. यात चेंडूपाशी घडणारं सगळं येतं आणि बिघडायला जागा कमी. हे जमेपर्यंत मोठा स्विंग हा फक्त चूक मोठी करण्याचा मार्ग आहे.

अबोली:
मी धागाकर्त्याइतकीच नवीन आहे, पण एक सांगते. माझा ग्लोव्ह सारखा एकाच ठिकाणी फाटत होता, करंगळीखालच्या तळव्यावर. मला वाटायचं कातडंच हलकं आहे. कोचने ग्लोव्ह हातात घेऊन उलटसुलट केला, त्या भोकातून बोट घातलं आणि म्हणाला, तुमचा क्लब वर गेल्यावर हातात सरकतोय. मूठ तळव्यात होती ना, म्हणून शेवटची तीन बोटं तिला धरूच शकत नव्हती. क्लब वर पोचला की मूठ थोडी सुटायची, खाली येताना मी ती पुन्हा आवळायचे, आणि दर वेळी फेस वेगळा. मूठ बोटांत आणल्यावर त्या जागेचं घासणं थांबलं, आणि चेंडूही एकाच दिशेने जायला लागले. सगळे सरळ नाही, पण एकाच दिशेने. तो आनंद काही वेगळाच असतो.

चकोर:
अबोली, आत्ता उठून माझा ग्लोव्ह पाहिला. त्याच जागी. उद्याचं काम ठरलं.

सावली:
अबोलीचा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत उपयोगी वाटला. पुढचा प्रश्न: मूठ किती घट्ट धरायची?

रानजाई:
सावली, क्लब निसटणार नाही इतकी, आणि बाहू ताठणार नाहीत इतकी. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं आणि उजव्या हाताची मधली दोन, काम त्यांचं. अंगठे आणि तर्जनी नुसत्या टेकलेल्या. पकड किती आहे यापेक्षा ती मध्येच वाढते का, हे जास्त महत्त्वाचं. बहुतेकांची वर पोचल्यावर, मारायच्या आवेशात, एकदम वाढते. क्लब वर नेऊन थांबा आणि उजवा अंगठा आवळला गेलाय का ते बघा.

आणखी एक, कारण कुणीतरी हा सल्ला देईलच. दिग्गज खेळाडू बेन होगनची ग्रिप पाहून डावा हात डावीकडे वळवू नका. होगनला तरुणपणी हुकने छळलं होतं, त्याचा चेंडू डावीकडे पळायचा. त्याने डावा हात तसा वळवला तो त्या दुखण्यावर. ज्याला स्लाइसचा त्रास आहे त्याने ते औषध घेतलं तर आजार दुप्पट होईल.

आजोबा_टी_वर:
वाचून आनंद वाटला. मी वयाने सर्वांत मोठा असेन, म्हणून उभं राहण्याविषयी लिहितो, कारण पाठ दुखायला लागल्यावरच मला त्याची किंमत कळली.

वाकायचं ते कंबरेतून नाही, खुब्यातून. क्लब दोन्ही हातांनी मांड्यांच्या वरच्या घडीवर आडवा धरा आणि त्याने मागे ढकला. बूड मागे जातं, छाती खाली येते, पाठ सरळ राहते. मग गुडघे नुसते सैल करा. हात खांद्यांखाली सरळ लोंबू द्या आणि जिथे लोंबतील तिथे क्लब धरा. मुठीचं टोक आणि मांडी यांत एक मूठभर किंवा किंचित जास्त जागा राहिली की चेंडूपासूनचं अंतर आपोआप बरोबर येतं. चेंडूकडे हात लांबवावे लागत असतील तर तुम्ही लांब उभे आहात.

पाठीचा बाक घेऊन फिरलात तर खांदे वळत नाहीत, मग हात एकटेच क्लब उचलतात. निम्मे चुकीचे स्विंग इथले. आणि ज्यांची शरीरं आता पूर्वीसारखी वळत नाहीत त्यांनी पावलं थोडी बाहेर वळवावीत. डावी टाच मागे जाताना उचलली गेली तरी बिघडत नाही. बॉबी जोन्सची उचलली जायची, निकलसचीही. टाच चिकटवून ठेवायचा आग्रह आपल्या वयाच्या गुडघ्यांसाठी आणि पाठीसाठी नाही.

टकमक:
आजोबा, तुमचा खुब्याचा प्रयोग आत्ताच दिवाणखान्यात केला. उभं राहणं छान जमलं. पुढे उत्साहात स्विंगही केला. छताचा पंखा थोडक्यात वाचला.

आजोबा_टी_वर:
टकमक, घरात क्लब उलटा धरून, मुठीकडचं टोक खाली ठेवून, निम्माच फिरवावा. आणि पंख्याखाली नाहीच. 😄

हिरवळ:
अवांतर: माझा मुलगा डावखुरा आहे, पण बॅट उजवीकडून धरतो. त्याला कुठल्या हाताचे क्लब द्यावेत?

निळावंती:
हिरवळ, दोन्ही बाजूंनी काही दिवस फिरवू द्या आणि ज्या बाजूने तोल राखून शेवटपर्यंत उभा राहतो ती बाजू ठेवा. फिल मिकेलसन बाकी सगळं उजव्या हाताने करतो, पण वडिलांच्या समोर उभं राहून, आरशात बघावं तसा त्यांचा स्विंग उचलत शिकला, म्हणून डावखुरा खेळला. ६ मेजर जिंकला, त्यातली शेवटची २०२१ ची पीजीए, वयाच्या ५० व्या वर्षी.

फक्त मोठ्यांचे क्लब कापून देऊ नका. दांडा आखूड होतो पण डोकं तेवढंच जड आणि दांडा आणखी कडक होतो. मुलं ते उचलायला सगळं शरीर मागे टाकतात आणि ती सवय नंतर जात नाही.

पहाटवारा:
मंडळी, किती भरभरून लिहिलंत! मध्यंतरी थोडं करून पाहिलं, ते सांगतो.

गणिती यांचं वाचून फोन मागे ठेवून चित्रण केलं. पावलांची रेषा बरी होती. पण खांदे स्पष्ट डावीकडे. मला उभा असताना ते सरळच वाटत होते. मग जमिनीवर दोन काठ्या टाकल्या, एक चेंडूच्या पलीकडे लक्ष्याकडे, दुसरी पावलांपुढे तिला समांतर, आणि तिसरा क्लब छातीवर आडवा धरून खांदे त्यांच्याशी जुळवले. उभं राहिल्यावर वाटलं की आपण पार उजवीकडे बघतोय. पण चेंडूचं वळण तिथल्या तिथे कमी झालं.

आता उरलंय ते चेंडूच्या आधी जमिनीत घुसणं. मॅटवर (रेंजवरच्या कृत्रिम गवताच्या चटईवर) कमी होतं, गवतावर जास्त. असं का?

गणिती:
डोळ्यांना सरळ वाटणं आणि सरळ असणं यांत फरक पडतो, कारण आपण चेंडूच्या बाजूला उभे राहून लक्ष्याकडे बघतो. निकलस चेंडूच्या काही फूट पुढे, लक्ष्याच्या रेषेतला गवताचा एखादा पिवळा ठिपका किंवा जुना डिव्हट (क्लबने उखडलेल्या गवताची खूण) हेरायचा आणि क्लबफेस त्यावर लावायचा. कोर्सवर काठ्या नेऊन खेळता येत नाही, पण ठिपका सगळीकडे असतो.

फोनबद्दल एक सूचना. तो हातांच्या उंचीवर आणि हातांच्याच रेषेत ठेवा. थोडा जरी उजवीकडे किंवा डावीकडे सरकला तर चित्रात क्लबचा मार्ग भलताच दिसतो आणि नसलेला दोष दुरुस्त करत बसावं लागतं.

निळावंती:
पहाटवारा, मॅट खोटं बोलते. क्लब चेंडूच्या चार बोटं मागे आपटला तरी मॅटवरून घसरून चेंडूला लागतो आणि फटका ठीकठाक वाटतो. गवतावर तोच क्लब रुततो. दोष दोन्हीकडे सारखाच.

क्लब ज्या चापातून फिरतो त्याचा सर्वांत खालचा बिंदू आयर्नने मारताना चेंडूच्या पुढे हवा, म्हणजे आधी चेंडू, मग गवत. तो पुढे न्यायला हात नाही, वजन लागतं. चेंडूला लागायच्या क्षणी वजन डाव्या पायावर पोचलेलं असलं की बिंदू पुढे जातो. उजव्या पायावर मागे राहून चेंडू 'उचलायला' गेलात की तो मागे येतो. चेंडू उचलायचं काम क्लबच्या कोनाचं आहे, तुमचं नाही.

सराव असा. गवतावर पांढऱ्या पावडरीची एक रेघ काढा, लक्ष्याच्या दिशेला आडवी. चेंडू नकोच. रेघ दोन पायांच्या मध्ये, किंचित डावीकडे घेऊन उभे राहा आणि अर्धा स्विंग करा. गवत कुठे उडालं ते बघा. रेघेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याकडे उडालं तर ठीक. मागे उडालं तर बघा, शेवटी तुम्ही डाव्या पायावर उभे आहात का? उजवी टाच उचललेली, पोट लक्ष्याकडे, उजव्या पायाचा नुसता अंगठा टेकलेला. तशी स्थिती धरून काही क्षण स्थिर उभे राहता येत नसेल तर वजन पुढे गेलेलं नाही. क्रिकेटवाले यात लवकर पुढे जातात, सदूभाऊंनी लिहिलंच आहे.

सावली:
हे करून पाहिलं. रेघ पुसली जाते ती जागा डोळ्यांसमोर असल्यामुळे कुणाला विचारावंच लागत नाही. मला पाय जोडून मारायचा सरावही फार उपयोगी पडला. दोन्ही पावलं चिकटवून हलके फटके मारायचे. जोर लावला की तोल जातो, म्हणून जोर लावताच येत नाही.

मुक्तछंद:
वेगाबद्दल कुणीच बोललं नाही. चांगल्या खेळाडूंचा क्लब मागे जायला जेवढा वेळ घेतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात खाली येतो. नवशिके एक तर झटकन मागे नेतात, किंवा इतकं हळू की वर गेल्यावर थांबतात आणि मग खांद्याने ढकलतात. मनात एक-दोन-तीन मोजत मागे आणि 'चार'ला चेंडू, एवढंच धरा. तंत्राचे सगळे प्रतिसाद वाचून झाल्यावर कोर्सवर डोक्यात ठेवायला हे एवढंच पुरे.

रानजाई:
मुक्तछंद, आता तुमच्याशी शंभर टक्के सहमत. रेंजवर एका वेळी एकच गोष्ट, कोर्सवर फक्त लय.

आणि पायाभूत गोष्टी नवशिक्यांसाठीच असतात असं कुणाला वाटत असेल तर निकलसचंच घ्या. हंगाम सुरू होताना तो जॅक ग्राउट या आपल्या लहानपणीच्या गुरूकडे जायचा आणि पुन्हा ग्रिप, उभं राहणं, रोख यांपासून सुरुवात करायचा. मेजर जिंकून झाल्यावरसुद्धा.

चकोर:
सगळं पटलं, पण अंतराचं काय? माझा चेंडू सोबतच्यांपेक्षा नेहमी मागे पडतो, मग मी जोर लावतो आणि सगळं विसरतो.

सदूभाऊ:
चकोर, टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. लांब मारणाऱ्यांत तिचं नाव कुठेच नव्हतं. चेंडू सरळ आणि पटर (चेंडू भोकात ढकलायचा क्लब) धारदार, एवढ्यावर ती शेवटच्या दिवशी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या बरोबरीने खेळत होती. आणि फेसच्या मधोमध लागलेला सावकाश फटका कडेला लागलेल्या जोरकस फटक्यापेक्षा लांब जातो. फेसवर थोडी पावडर मारा, चेंडूचा गोल ठसा कुठे उमटतो ते बघा. आधी तो ठसा मध्यावर आणा, जोराचं नंतर.

पहाटवारा:
आयर्न बरंच हाताला आलंय. रेघेचा सराव रोज करतो. आता शेवटचं विचारतो. ड्रायव्हरला वळण अजून आहे, खांदे काठ्यांशी जुळवूनसुद्धा. पावडर लावली तर ठसा दांड्याच्या बाजूला येतो.

गणिती:
पहाटवारा, ठशाने अर्धं उत्तर दिलंय. ड्रायव्हरचा फेस किंचित फुगीर असतो आणि डोक्याचं वजन बरंच मागे असतं. दांड्याच्या बाजूला, म्हणजे टाचेकडे चेंडू लागला की डोकं एका दिशेला फिरतं आणि चेंडूला उलट दिशेची फिरकी मिळते. उजव्या हाताने खेळणाऱ्याला ती स्लाइसचीच. म्हणजे फेस आणि मार्ग जुळले तरी टाचेचा फटका उजवीकडे वळेल. टोकाकडे लागला तर उलट, डावीकडे वळतो.

दुसरं अर्धं उत्तर चेंडूच्या जागेत असावं. ड्रायव्हरला चेंडू डाव्या टाचेसमोर असतो. चेंडू इतका पुढे ठेवला की उजवा हात तिथवर पोचायला उजवा खांदा पुढे येतो आणि काठ्यांशी जुळवलेले खांदे मूठ धरता धरता पुन्हा उघडतात. म्हणून खांदे सगळ्यात शेवटी तपासा, क्लब टेकवल्यावर. उजवा हात मुठीवर डाव्याच्या खाली असतो, तेव्हा उजवा खांदा पुढे न आणता खाली येऊ द्या. पाठीचा कणा लक्ष्यापासून किंचित दूर झुकेल. ते बरोबरच आहे, कारण ड्रायव्हरने चेंडू क्लब वर जाताना मारायचा असतो.

टीची (चेंडू ठेवायच्या खुंटीची) उंची इतकी ठेवा की क्लब जमिनीवर टेकवल्यावर निम्मा चेंडू त्याच्या डोक्यावरून दिसेल. आणि चेंडूच्या बाहेरच्या बाजूला, चेंडूपासून दोन बोटांवर एक रिकामी टी रोवा. ती न पाडता चेंडू मारता आला की ठसा आपोआप मध्याकडे सरकेल.

पहाटवारा:
रिकाम्या टीचं उद्याच करतो. पावडरीच्या ठशांचे फोटो इथेच टाकेन.

अबोली:
फोटोत ग्लोव्हसुद्धा दाखवा!